पुढून की मागून?

मी पतसंस्थेत 31 वर्षं कॅशियर होतो. मिरजेत. नोटा मोजणं हे काम नव्हतं, तो हाताचा स्वभाव होता. थप्पी डाव्या हाताच्या बेचक्यात धरायची, ओल्या स्पंजला मधलं बोट टेकवायचं आणि नोट ओढायची. समोरच्या माणसाशी पावसापाण्याच्या गप्पा चालू असतानाही बोटांचं मोजणं चालूच असायचं. शंभरावर आलं की बोट आपोआप थांबायचं.

त्या बोटानं पहिल्यांदा दगा दिला तो निवृत्तीआधीच्या शेवटच्या मार्च-अखेरीला. माझ्या मोजणीत 97, मशीनमध्ये 100. पुन्हा मोजली, 102. शेजारचा शिपाई हसला, "साहेब, आता रिटायर व्हायची वेळ झाली तुमची." मीही हसलो. मग काही महिन्यांत शर्टाचं वरचं बटण लागेना. बायको न बोलता लावून द्यायला लागली. आणि एके दिवशी माझा स्वतःचा चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. ज्या संस्थेत लोकांच्या सह्या पडताळण्यात माझी हयात गेली, तिथंच माझी सही माझी नाही असं ठरलं. नव्या मुलीनं फोन केला, तिला फार संकोच वाटत होता. मी म्हटलं, "बरोबर केलंस बाई."

मला 12 वर्षं डायबेटिस आहे. त्यामुळं हाताला मुंग्या, बोटं बधिर, हे सगळं शुगरच्या खाती जमा होत गेलं. बी-ट्वेल्वची इंजेक्शनं झाली. गोळ्या बदलल्या. मग एका हॉस्पिटलात नसांची तपासणी केली, मनगटातली नस दबलीय म्हणाले आणि उजव्या मनगटाचं ऑपरेशन केलं. चार टाके. आराम शून्य. आता कळतं की डायबेटिसच्या माणसाच्या मनगटात थोडीफार दाबलेली नस सापडणं काही नवलाचं नाही. ती सापडली म्हणून शोध थांबला. कुणी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली नाही. पाच मिनिटांचं काम, पण दीड वर्ष गेलं त्यात. त्या रागाबद्दल नंतर लिहीन म्हणत होतो, पण तो आता तेवढा राहिला नाही.

याच काळात मी दर पंधरवड्याला दाढी-कटिंगला जायचो आणि शेवटी आमचा न्हावी दोन्ही हातांनी डोकं धरून मान कडकन मोडायचा. डावीकडं एकदा, उजवीकडं एकदा. किती बरं वाटायचं म्हणून सांगू. हे पुढं एका डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिले.

पाय नंतर गेले. लक्ष्मी मार्केटात भाजी घेऊन निघालो तर मागून भाजीवाली ओरडली, "ओ काका, चप्पल मागं राहिली की!" बघतो तर एक पाय अनवाणी. दहा पावलं चाललो होतो तसाच, आणि पायाला पत्ता नव्हता. मग जिन्यावर कठडा धरायला लागलो. सपाट रस्त्यावरसुद्धा पाय फाकवून, बोटीत चालल्यासारखं चालायचो.

आणि मग वाडी. नरसोबाच्या वाडीला आम्ही पौर्णिमेला जातो. दर्शनाला उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले आणि सरळ आडवा झालो. चक्कर नाही, अंधारी नाही. डोळे उघडे होते तोवर उभा होतो, मिटले आणि तोल गेला. मागच्या एका आजींनी हात जोडले, त्यांना वाटलं अंगात आलं. कुणीतरी अंगारा लावला. मी खाली पडल्या पडल्या विचार करत होतो की डोळे मिटल्यावर जमीन कुठं गेली.

सांगलीतल्या एका तरुण फिजिशियननं ते सांगितलं. पायांकडून जमिनीची खबर मेंदूपर्यंत पोचत नव्हती, तेवढी उणीव डोळे भरून काढत होते. डोळे मिटले की खेळ संपला. त्यानं मला टेबलाच्या कडेला बसवलं, गुडघ्याखाली हातोडी मारली, तर पाय असा उडाला की त्याचा चष्मा थोडक्यात वाचला. मग माझं मधलं बोट धरून त्याच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. मी वळवला नव्हता. त्यानं पुन्हा मारली, पुन्हा वळला. तो म्हणाला, "काका, शुगरनं नसा गेल्या असत्या तर ही उडी मेली असती. तुमची वाढलीय. दुखणं हातात नाही, मानेत आहे."

मग त्यानं घड्याळ काढलं. दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. चांगल्या माणसाची 20 च्या वर होते. माझी उजव्या हाताची 11 झाली. मोजण्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आकडा कळतो. घरी येऊन मी बायकोला करायला लावलं, तिची 24 झाली.

एमआरआय झाला. मानेत सात मणके, त्यांच्या मागच्या पोकळ नळीतून मज्जारज्जू खाली जातो. ती नळी साधारण 17 मिलिमीटरची असते, 13 च्या खाली गेली की अरुंद समजतात. माझी सर्वांत चिंचोळ्या जागी 7 होती. मज्जारज्जू तिथं चिमटीत धरलेल्या वातीसारखा चपटा दिसत होता आणि त्याच्या मधोमध पांढुरका डाग. डाग म्हणजे रज्जूला आतून इजा झालीय.

आमच्याकडं मानेचं काहीही झालं की लोक म्हणतात "मणक्यात गॅप आलाय". मला भेटायला आलेल्या निम्म्या लोकांच्या मणक्यात गॅप होता आणि ते सगळे पट्टा, मालिश आणि तेलावर बरे झाले होते. नस दबणं आणि मज्जारज्जू दबणं यातला फरक मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. नस म्हणजे गल्लीत जाणारी वायर, रज्जू म्हणजे गावाची मेन लाइन. नस दबली की हात दुखतो, माणूस ओरडतो. रज्जू दबला की फार दुखत नाही. माझी मान त्या दोन वर्षांत कधी नाव घेण्याएवढी दुखली नाही. म्हणूनच तर कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

ऑपरेशन करायचं यावर मतभेद नव्हते. जपानी ऑर्थोपेडिक संघटनेची एक गुणपत्रिका आहे, तिच्या सुधारित आवृत्तीत 18 पैकी गुण देतात. हात, पाय, संवेदना आणि लघवीवरचा ताबा. बटण लावता येतं का, चमच्यानं खाता येतं का, जिन्याला कठडा लागतो का, असले साधे प्रश्न. मुळात जपान्यांनी त्यात चॉपस्टिक घातल्या होत्या, इतरांसाठी चमचा आणि बटण आलं. 15 ते 17 म्हणजे सौम्य, 12 ते 14 मध्यम, त्याखाली गंभीर. मला 12 मिळाले. काठावर पास. सौम्य असतं तर व्यायाम करून, लक्ष ठेवून थांबता आलं असतं. मध्यमपासून पुढं थांबू नये असं 2017 पासूनची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हा आजार जिन्यानं उतरतो म्हणे. काही महिने एका पायरीवर थांबतो, मग अचानक एक पायरी खाली. वर परत येत नाही.

मतभेद सुरू झाले ते कसं करायचं यावर.

पहिले सर्जन पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांनी एमआरआय लाइटला लावला आणि म्हणाले, "पुढून." म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला आडवी चीर, श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारायची, थेट मणक्यांपर्यंत जायचं. दोन मणक्यांमधली गादी काढायची, तिच्या जागी पिंजऱ्यासारखा केज बसवायचा, वरून प्लेट आणि स्क्रू. तीन जागी. पुढून जाणाऱ्या वाटेवर स्नायू कापावे लागत नाहीत, बाजूला सारले की झालं, त्यामुळं दुखतं कमी. ही वाट 1950 च्या दशकात अमेरिकेत रुळली, आज जगात रोज वापरतात. "जो दाबतोय त्यालाच काढायचं," ते म्हणाले. मला पटलं. चोर पुढून आलाय तर पुढच्याच दारात पकडा.

त्रास काय होऊ शकतो, विचारलं. काही दिवस, कधी काही महिने गिळायला जड जातं. आवाज बसू शकतो, कारण आवाजाची नस त्याच वाटेवर आहे. तीन जागी हाडं जुळवायची म्हणजे एखादी न जुळण्याची शक्यता एका जागेपेक्षा जास्त, त्यात डायबेटिस. आणि जुळलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण येतो, वर्षांनी त्या झिजू शकतात.

दुसरे सर्जन पुण्याचे. मोठी मुलगी तिथं असते, तिनं नंबर लावला होता. हे कमी बोलायचे. त्यांनी माझी मान पुढं-मागं करून एक्स-रे काढायला लावले. मग म्हणाले, "मागून." मानेच्या मागं उभी चीर, मणक्यांची मागची कमान, म्हणजे छप्परच, काढून टाकायचं. रज्जूला मागं मोकळी जागा मिळते, तो पुढच्या अडथळ्यापासून मागं सरकतो. पण छप्पर काढून नुसतं सोडलं तर मान पुढं झुकत जाते, पूर्वी असं बरेचदा व्हायचं. म्हणून दोन्ही बाजूंना स्क्रू आणि सळ्या घालून मणके पक्के करायचे.

"म्हणजे मान वळणारच नाही?"

"वळेल. मान वळण्यातलं निम्मं काम पहिल्या दोन मणक्यांत होतं. त्यांना आपण हात लावत नाही."

हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. मी बसल्या जागी मान वळवून बघितली. मला स्कूटर चालवायची होती, मागं बघायला मान लागते. तेवढी राहील म्हणाले, पण वर आकाशाकडं आणि खाली छातीकडं बघणं कमी होईल.

घरी दोन फायली, दोन मतं. नातेवाइकांनी मतदान घेतलं. धाकटा मेहुणा म्हणाला, पुढून केलं तर गळ्यावर व्रण दिसतो. बायको म्हणाली, मागून केलं तर पालथं किती वेळ झोपवतील. मुलीनं वाचून सांगितलं की नेमक्या याच प्रश्नावर उत्तर अमेरिकेत अभ्यास झालाय, 2021 साली छापून आलाय. 163 रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखं 63 जणांना पुढून, 100 जणांना मागून. वर्षानंतर त्यांच्या रोजच्या जगण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. पुढून केलेल्यांना गिळण्याचा त्रास बराच झाला, एवढं खरं. "म्हणजे दोन्ही सारखंच, बाबा," ती म्हणाली.

मला ते पटेना. हिशेबाचा माणूस आहे मी. सरासरी जुळली म्हणजे प्रत्येक खातं जुळलं असं होत नाही. आणि त्या अभ्यासात असेच रुग्ण घेतले होते ज्यांचं दोन्ही बाजूंनी करता येण्यासारखं होतं. मी त्यातला आहे की नाही हेच तर कळायचं होतं.

तिसरं मत घ्यायला मी तयार नव्हतो, कंटाळलो होतो. मुलीनं ओढून नेलं, मुंबईला. या बाई होत्या. त्यांनी एमआरआय बघितला, पुन्हा बघितला, आणि विचारलं, "सीटी कुठंय?"

सीटी नव्हता. दोघांनीही मागितला नव्हता, मीही विचारलं नव्हतं. एमआरआय असताना सीटी कशाला, असं मला वाटायचं, की मोठं मशीन झालं, आता लहान कशाला. तसं नसतं. एमआरआय मऊ गोष्टी दाखवतो, हाड त्याला नीट दिसत नाही. माझ्या मणक्यांच्या मागं जी काळी पट्टी दिसत होती ती सगळ्यांनी फुगलेली गादी धरली होती. सीटीत ती पांढरीशुभ्र निघाली. हाड. मणक्यांच्या पाठीमागून वरपासून खालपर्यंत एक पातळ बंध जातो, माझा तो बंध तिसऱ्या मणक्यापासून सहाव्यापर्यंत हाड होऊन बसला होता. नुसता गाद्यांच्या जागी नाही, मणक्यांच्या अंगामागंसुद्धा. हा आजार जपानमध्ये इतका दिसतो की एकेकाळी त्याला जपानी आजारच म्हणायचे. आपल्याकडंही असतो. डायबेटिसवाल्यांत जास्त दिसतो.

बाईंनी माझ्या फाइलीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. ते पान अजून आहे माझ्याकडं. "गादी काढून हे सुटणार नाही," त्या म्हणाल्या. "हाड मणक्याच्या मागं आहे. पुढून जायचं तर मणकेच काढत जावं लागेल. आणि हे हाड कधी कधी रज्जूच्या पिशवीला चिकटलेलं असतं. ओढलं तर पिशवी फाटते, आतलं पाणी गळतं, रज्जूला धक्का बसतो."

मग त्यांनी माझ्या साध्या एक्स-रेवर पट्टी ठेवली. दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर नळीचा मध्य, सातव्याच्या पातळीवर नळीचा मध्य, दोन ठिपके, पेन्सिलनं सरळ रेघ. जपानी सर्जननी 2008 साली ही रेघ मांडली. तिला के-लाइन म्हणतात. पुढून वाढलेलं हाड त्या रेघेच्या आतच राहत असेल तर मागून मोकळं केलं की रज्जू मागं सरकून सुटतो. हाड रेघ ओलांडून मागं आलं असेल, किंवा मान पुढं वाकलेली असेल, तर मागून कितीही जागा करा, रज्जू त्या हाडावर ताणलेलाच राहतो, तारेवर टांगल्यासारखा. माझं हाड रेघेच्या अलीकडं होतं, सुमारे दोन मिलिमीटर. मानेचा मागचा बाकही शाबूत होता.

दोन वर्षांची फरफट, आणि उत्तर पेन्सिलच्या एका रेघेवर. मला हसू आलं. आमच्याकडं खतावणी न जुळण्याचं कारण असंच कुठंतरी एका रेघेत सापडायचं.

त्यांनी सुचवलेली वाट तिसरी होती. मागूनच, पण छप्पर काढायचं नाही, उघडायचं. 1977 साली जपानमध्ये हिराबायाशी यांनी सुरू केलेली पद्धत. कमानीच्या एका बाजूला हाड आरपार कापायचं. दुसऱ्या बाजूला फक्त वरचा थर घासून खाच करायची, ती झाली बिजागरी. मग कमान हळूहळू उचलायची, दार किलकिलं करावं तशी, आणि परत मिटू नये म्हणून फटीत टायटॅनियमची छोटी प्लेट अडकवायची. नळी चार-पाच मिलिमीटरनं रुंद होते. सळ्या नाहीत, जुळवणं नाही, मान बरीचशी हलती राहते.

"आणि वाईट काय?" हा प्रश्न मी आता न लाजता विचारायला शिकलो होतो.

त्यांनी सांगितलं. मानेमागचे स्नायू सोडवावे लागतात, म्हणून मान आणि खांदे बरेच दिवस अवघडतात. हाड जागेवरच राहतं, पुढं वाढूही शकतं, कारण मान हलती आहे. आणि शंभरातल्या पाचेक जणांचा एक हात ऑपरेशननंतर खांद्यातून उचलत नाही. पाचव्या नसेचं दुखणं. बहुतेकांचा परत येतो, वेळ लागतो.

सीटी घेऊन मी पहिल्या दोघांकडं परत गेलो. लोक म्हणाले, कशाला, त्यांना राग येईल. पहिल्यांना आला नाही. त्यांनी सीटी खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हे बघितल्यावर मीही पुढून जाणार नाही." एवढं सरळ बोलणारा माणूस मला आवडला. आपल्याकडं चूक झाली तर खाडाखोड न करता आडवी रेघ मारून वर सही करायची असते, तसं होतं ते. पुण्याचे मात्र आपल्या मतावर ठाम राहिले, आणि त्यांचं कारणही पोकळ नव्हतं. हलत्या मानेत हे हाड वाढत राहू शकतं, सळ्यांनी पक्की केली की वाढ रोखायला मदत होते. "तुम्ही साठीचे. अजून वीस वर्षं धरून चाला," म्हणाले.

इथं मला कुणी उत्तर देणार नव्हतं. पुढून बाद झालं ते तपासणीनं. मागच्या दोन वाटांतली निवड माझी होती. मी दारवाली निवडली. कारण वैद्यकीय नव्हतं. मला आकाशाकडं बघायला आवडतं, गच्चीवर झोपतो उन्हाळ्यात. पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "ठीक. दर वर्षी एक्स-रे काढत जा."

ऑपरेशनच्या आधी दीड महिना शुगर ताब्यात आणण्यात गेला. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती तपासणी 8.9 होती, 7.4 वर आली तेव्हा तारीख मिळाली. मेडिक्लेमवाल्यांनी विचारलं की हे दुखणं पॉलिसीच्या आधीचं आहे का. चार पत्रं, शेवटी मंजूर. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यानं त्यानं आपापलं भोगलेलं असतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या रात्री येऊन सांगितलं की मला जागेपणीच नळी घालणार. मान मागं वाकवली तर रज्जू चिमटला जाईल, म्हणून नेहमीसारखं झोपवून, मान ताणून करायचं नाही. सकाळी घशात कडू फवारा मारला, घसा लाकडासारखा झाला, आणि नाकातून बारीक कॅमेऱ्याची नळी गेली. वाटतं तितकं भयंकर नाही. मी छताकडं बघत मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजत होतो. चौसष्टपर्यंत आठवतं.

पालथं झोपवून डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात धरतात, हातापायांना सुया लावून रज्जूतून संदेश जातोय का ते पूर्ण वेळ बघतात, हे सगळं मला नंतर कळलं. कपाळावर दोन बारीक खपल्या दिसल्या म्हणून विचारलं तेव्हा. शुद्धीवर आलो तो "काका, पाय हलवा" या आवाजानं. हलवला. "हात." हलवला. बाईंचा मास्क डोळ्यांच्या कडेला सुरकुतला, म्हणजे हसल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी उभं केलं. मानेतून निघालेली रक्ताची नळी कमरेला लोंबत होती. पाय जमिनीला लागले आणि मला फरशी गार लागली. गार. दीड वर्षात फरशी गार की गरम हे मला कळलं नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो, नर्सला वाटलं चक्कर येतेय.

तिसऱ्या दिवशी डावा हात गेला. चहाचा कप ओठांपर्यंत येईना, कोपरातून वाकेना, खांद्यातून उचलेना. बोटं मात्र हलत होती. मी त्या पाचांमधला निघालो. मुलगी रडली. मी रडलो नाही, कारण मला आधीच सांगितलं होतं, आणि आधी सांगितलेलं संकट अर्धं असतं. बाईंनी तातडीनं एमआरआय केला, आत रक्त साचून दाब आलेला नाही एवढं बघितलं आणि म्हणाल्या, "थांबायचं."

थांबणं पाच महिने चाललं. फिजिओथेरपिस्ट मुलगा घरी यायचा. पहिल्या महिन्यात हात टेबलावर ठेवून रुमालासकट पुढं सरकवायचा, एवढाच व्यायाम. दुसऱ्या महिन्यात भिंतीवर बोटं चालवायची, खडूनं रोज खूण करायची. ती खडूची शिडी अजून मधल्या खोलीच्या भिंतीवर आहे. बायको भिंतीला रंग लावू देत नाही. चौथ्या महिन्यात हात खांद्याच्या वर गेला. पाचव्यात मी आपल्या हातानं केस विंचरले, वाईट विंचरले.

आता दोन वर्षं झाली. दहा सेकंदांत मुठी 17. गुणपत्रिकेत 12 चे 15. जे परत यायचं त्यातलं बहुतेक पहिल्या सहा-आठ महिन्यांत आलं, नंतर थोडं थोडं. बटणं लागतात, वरचं सोडून. वाडीला जातो, दर्शन घेताना डोळे उघडे ठेवतो आणि एक हात कठड्यावर. चप्पल मागं पट्टा असलेली घेतलीय. हाताच्या टोकांना अजून बारीक वाळू लावल्यासारखं वाटतं, ते जाणार नाही असं बाईंनी सांगितलंय. तो पांढरा डाग तसाच आहे. थंडीत मान लाकूड होते. वार्षिक एक्स-रेत हाड आहे तेवढंच आहे, आतापर्यंत तरी. नोटा मोजून बघितल्या, गेल्या दिवाळीत. शंभरच्या थप्पीत तीन वेळा अडखळलो, पण आकडा शंभरच आला.

ऑपरेशननंतर सहा महिने कटिंग घरीच झाली. पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा न्हाव्यानं नेहमीसारखं सगळं केलं, पावडर मारली, टॉवेल झटकला आणि सवयीनं दोन्ही हात माझ्या डोक्याला लावले. मग त्याच्या अंगठ्याला मागची उभी शिवण लागली. हात तिथंच थांबले. आरशात त्याचा चेहरा दिसत होता.

"काका, हे काय ओ?"

"दार बसवलंय," मी म्हटलं. "कडी घालून घेतलीय."

त्यानं हळूच हात काढून घेतले, आणि त्या दिवशी दाढीचे पैसे घेतले नाहीत.